हातभर दोरा, वीतभर वाफा

गोधडीचं काम सुरू होतं ते कपाट उपसण्यापासून. मला हा भाग फार आवडतो, आणि नातवंडं हाताशी आल्यापासून तो चांगलाच लांबतो, कारण एकेका कपड्यामागे चौकशी असते. "आजी, हा एवढासा शर्ट कुणाचा?" बाबाचा. "आमच्या बाबाचा?" तुमच्याच बाबाचा, कोपराशी फाटलाय ना, तो झाडावरून उतरताना. थोरलीने शर्ट उलटापालटा करून पाहिला. धाकट्याने अंगातच घातला. त्याला तो दंडात घट्ट झाला. मग मोठ्या समाधानाने त्याने तो काढला आणि गोधडीच्या ढिगात नेऊन ठेवला.

थोरली दहा वर्षांची, धाकटा सहाचा. शनिवार-रविवार आणि सुट्टीत दोघं आमच्याकडे असतात. या वेळची गोधडी आम्ही तिघांनी मिळून शिवली. ती शिवून होईपर्यंत मागच्या वाफ्यातला घेवडा आणि भोपळा बी ते बी असा पुरा फेरा करून आले. दोन्ही कामांची हकिगत एकत्रच सांगते, कारण ती झाली एकत्रच. सकाळी ऊन चढेपर्यंत बाग, ऊन चढलं की गोधडी.

कापडाचे तीन ढीग केले. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या आणि चादरी एकीकडे. हे गोधडीच्या पोटात जाणारं कापड. रंग टिकून असलेले शर्ट, फ्रॉक, उशांचे अभ्रे दुसरीकडे. हे वर दिसणारं. तिसऱ्या ढिगात होजिअरीचे बनियन आणि टीशर्ट. होजिअरी ताणली जाते, तिच्यावर टाका सरळ बसत नाही, म्हणून ती मी गोधडीत घेत नाही. पण तिच्या पट्ट्या कापल्या की टोमॅटोची रोपं काठीला बांधायला त्यासारखं दुसरं काही नाही. सुतळी कोवळ्या खोडात रुतते. ही पट्टी खोड जाड होत जाईल तशी सैल होते.

कापड अजून कामाचं आहे की नाही हे पाहायची एक पद्धत आहे, ती थोरलीला शिकवली. आधी उजेडासमोर धरायचं. विरलेली जागा लगेच दिसते. मग दोन्ही हातांचे अंगठे जवळजवळ टेकवून कापड बाजूला ओढायचं. धड कापड ताण सोसतं, कुजलेलं अगदी हलक्या आवाजात चिरतं. तो आवाज एकदा कानात बसला की विसरत नाही. थोरली त्यानंतर कितीतरी वेळ कापडं कानाशी धरून ओढत बसली होती. सासूबाईंची एक निळी साडी तिने बाजूला काढली आणि म्हणाली, "ही मधूनच गेलीय, पण काठाकडे चांगली आहे." बरोबर होतं तिचं. साडी आधी निऱ्यांशी आणि बसायच्या जागी विरते; काठ शेवटपर्यंत टिकतात. ते काठ आम्ही जपून कापून ठेवले, कडेच्या पट्टीसाठी.

सगळं कापड, घरात धुतलेलं असलं तरी, पुन्हा एकदा धुवायचं. त्यातही एखादं नवं कापड घ्यायचं असेल तर ते हमखास. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आधीच आटून बसलेलं असतं. दोन्ही न धुता एकत्र शिवली की पहिल्याच धुण्यात नवं कापड आखडतं आणि शेजारचं जुनं त्याच्यामुळे चुरगळल्यागत होतं. लाल आणि गडद निळं वेगळं भिजवायचं. भिजवलेल्या पाण्यात पांढरा रुमाल बुडवून काढायचा. रुमालावर रंग दिसला तर अजून एक धुणं, नाही दिसला तर कापड पास. हे काम धाकट्याकडे दिलं होतं. पास-नापास तोच ठरवायचा.

मुलांना खोटं काम देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. एका बाजूला आपण खरी गोधडी शिवायची आणि त्यांना चिंधी, बोथट सुई देऊन "तू इथे खेळ" म्हणायचं, हे त्यांना नेमकं कळतं. त्यांचं मन लागत नाही, मग आपण म्हणतो आजकालच्या मुलांना धीर नाही. त्यांना खरं काम द्यावं, जे नाही झालं तर खरंच अडेल असं. रंग सुटणारं कापड धाकट्याच्या हातून सुटलं असतं तर गोधडीला डाग पडला असता. त्याला हे माहीत होतं, म्हणून तर तो रुमाल खिडकीपाशी नेऊन इतका निरखून पाहत होता.

कापडं वाळेपर्यंत वाफा तयार केला. आमचा वाफा वीतभरच म्हणायचा, हौसेपुरता. खताचं खातं यांच्याकडे. वर्षभर ओला कचरा आणि सुका पालापाचोळा थरावर थर टाकून हे खत करतात आणि त्याच्या वासावरून सांगतात झालं की नाही ते. आंबूस वास आला तर ओलं जास्त झालंय, पालापाचोळा घाला, वरखाली करा, हवा जाऊ द्या. तयार खताला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. नातवंडांना आजोबांनी मूठभर खत हुंगायला दिलं. धाकट्याने आधी नाक दाबलं, मग एक बोट सोडून हुंगलं, मग स्वतःच दुसरी मूठ घेतली.

घेवडा लावताना बियांचं एक बरं असतं: त्या मोठ्या असतात. सहा वर्षांच्या बोटांना धरता येतात आणि मोजता येतात. बोटाचं दीड पेर खोल भोक, त्यात एक बी, वर माती, हलकं पाणी. माती ऊबदार असेल तर आठवडाभरात कोंब वर येतो, आणि तो येतो कसा हे बघण्यासारखं असतं. आधी वाकलेली मान मातीतून निघते, मग ती सरळ होत होत दोन जाड दलं वर ओढून आणते. बीच वर आलेली असते ती. धाकट्याला वाटलं आपण पेरलेली बी कुणीतरी उकरून परत वर ठेवली. दोन दिवसांनी त्या दलांमधून खरी पानं फुटली तेव्हा त्याचा राग गेला.

कोथिंबिरीचे धणे मात्र थोरलीने पेरले, कारण त्यात सबुरी लागते. अख्खा धणा म्हणजे दोन बियांची जोडी. तळहातांमध्ये हलके रगडून त्याचे दोन भाग करायचे आणि मग पेरायचे. उगवायला घेवड्यापेक्षा बराच वेळ घेतात. रोज सकाळी ती येऊन वाफ्यावर वाकायची आणि काही न बोलता आत यायची.

आता गोधडी. लहान मुलाच्या अंगावर नीट बसेल अशी करायची ठरली. साडेपाच मीटरच्या साडीचे तीन तुकडे केले की प्रत्येक पावणेदोन मीटरहून थोडा लांब येतो, आणि रुंदी साडीची असते तीच, सव्वा मीटरच्या आतबाहेर. अशा दोन साड्यांचे तुकडे पोटात घातले, खाली एक अखंड चादर, वर रंगीत तुकड्यांचा थर. याहून जास्त थर हातशिवणीला जड जातात, सुई बाहेर ओढताना बोटं भरून येतात. मुलांना बरोबर घ्यायचं तर थर कमीच बरे.

थर पसरायला जमीन लागते. पलंगावर हे काम होत नाही, कापड मधे बुडतं. फरशी पुसून घेतली, चादर उलटी पसरली, चारही कोपऱ्यांना जड डबे ठेवले. मग एकेक थर. प्रत्येक थरावर मधल्यापासून कडेकडे हात फिरवायचा, म्हणजे सुरकुती बाहेर ढकलली जाते. धाकटा यात पटाईत निघाला. तो पालथा झोपून पूर्ण हाताने सुरकुत्या ढकलायचा. कापडाचा उभा धागा सगळ्या थरांत एकाच दिशेला ठेवायचा, हे मी दोघांना दाखवलं. उभ्या धाग्याने कापड फारसं ताणत नाही, आडव्याने थोडं ताणतं आणि उरेब, म्हणजे तिरकं, ओढलं तर पार लांबतं. थोरलीने एक तुकडा तिन्ही बाजूंनी ओढून पाहिला आणि तिला ते पटलं. पुढे तुकडे बेतताना ती स्वतःच प्रत्येक तुकडा ओढून त्याची दिशा ठरवू लागली.

वरच्या थराचे तुकडे कसे मांडायचे यावर बराच खल झाला. बाबाचा शर्ट मधोमध हवा, यावर दोघांचं एकमत. बाकी कशावरच नाही. थोरलीला रंग ओळीने हवे होते, धाकट्याला सगळं लाल एकीकडे. मी मधे पडले नाही. तुकडे जमिनीवर मांडून ठेवायचे, चहा घ्यायचा, परत येऊन लांबून बघायचं. स्टुलावर चढून बघितलं तर अजून बरं. जवळून प्रत्येक तुकडा चांगलाच दिसतो, लांबून कळतं कुठे गडद रंगाची गर्दी झालीय. स्टुलावरून बघून थोरलीने आपणहून दोन लाल तुकडे धाकट्याच्या कोपऱ्यात हलवले. तिथून पुढे जुळत गेलं.

त्या संध्याकाळी मी त्यांना अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड नावाच्या वस्तीबद्दल सांगितलं. तिथल्या कृष्णवर्णीय शेतकरी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या अशाच जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. 1942 मध्ये मिझूरी पेटवे या बाईने नवरा गेल्यावर त्याचे शेतात घालायचे कपडे फाडले आणि मुलीला हाताशी घेऊन त्यांची गोधडी केली. गुडघ्यांवर विटलेल्या जागा, काढलेल्या खिशांच्या खुणा, सगळं तिने तसंच ठेवलं. त्या वस्तीतल्या गोधड्यांचं 2002 मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात मोठं प्रदर्शन भरलं, 2006 मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली. थोरलीला तिकिटांचं फार काही वाटलं नाही. खिशाची खूण तिच्या मनात राहिली. दुसऱ्या दिवशी तिने बाबाच्या शर्टचा खिसा उसवू दिला नाही. तो खिसा खिसा म्हणूनच गोधडीवर आहे, आणि आत काहीबाही ठेवलं जातं.

थर हलू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालायचे. वीतभर अंतरावर उभे, मग आडवे. हे टाके नंतर काढायचेच असतात, म्हणून ते विरुद्ध रंगाच्या दोऱ्याने घालावेत. याला वेळ जातो आणि वाटतं की वगळावं, टाचण्या लावून भागवावं. पण मांडीवर लहान मूल येऊन बसणार असेल तर टाचण्या नकोतच.

मग खरी शिवण. मी कडेपासून सुरू करते आणि आत आत येते, चौकोनात चौकोन. कर्नाटकातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधड्या, शिवतात त्याही अशाच, कडेने सुरुवात करून मध्याकडे. त्या तर तुकडेसुद्धा आधी जोडून घेत नाहीत; शिवत जातात तसा एकेक तुकडा कड दुमडून लावत जातात आणि शेवटी चारही कोपऱ्यांना त्रिकोणी दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात. फुलाशिवाय कवंदी पुरी नाही. आमच्या गोधडीलाही चार फुलं हवीत असं थोरलीने ठरवून टाकलं, आणि ती तिनेच केली.

सुई ओवायचं काम नातवंडांचं. माझ्या डोळ्यांना आता नेढं सहज दिसत नाही, त्यांना दिसतं. दोरा घ्यायचा तो हातभर, जास्त नाही. लांब दोरा घेतला की पुन्हा पुन्हा ओवावं लागत नाही असं वाटतं, पण त्याला पीळ पडतो, गाठी बसतात, आणि प्रत्येक टाक्याला कापडातून ओढला जाऊन तो झिजतो. दोरा मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला की गुंतत नाही. धाकट्याने मेणाचं खातं लगेच ताब्यात घेतलं. त्याच्या मेणाच्या तुकड्याला इतक्या खाचा पडल्या की शेवटी शेवटी त्याला दोरा कुठल्या खाचेतून ओढायचा हे ठरवायला वेळ लागायचा.

थोरलीला मी माझीच सुई दिली, अंगुस्तान दिलं. मधल्या बोटात घालायचं, सुईच्या मागच्या टोकाला त्याने ढकलायचं. धावदोरा म्हणजे सगळ्यात साधा टाका: खाली-वर, खाली-वर. जमलेल्या हाताचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा येतो. तिचा पहिला टाका बोटाच्या पेराएवढा आला आणि खालच्या चादरीपर्यंत पोचलाच नाही. मी गोधडी उलटी करून तिला खालची बाजू दाखवली. बाकी काही सांगितलं नाही. त्यानंतर ती प्रत्येक टाक्याला डावा हात खाली घालून सुईचं टोक बोटाला लागतंय का ते बघायची. हातशिवणीत खालचा हात हाच डोळा. हे मी तिला शब्दांत सांगून तिला कळलं नसतं. खालच्या बोटाला सुई टोचली की आपोआप कळतं. तिने बोट तोंडात घातलं, पुन्हा काढलं आणि शिवायला लागली. काही ओळींनंतर टाके लहान होत गेले. गोधडीवर ते स्पष्ट दिसतं. कडेकडे तिचे टाके मोठे, वेडेवाकडे, आत यावं तसे बारीक आणि एकसारखे.

ते टाके मी उसवले नाहीत. एका शेजारणीने मला सुचवलं की मुलं घरी गेली की उसवून परत घालावेत, त्यांना कळणारही नाही. मला ते अजिबात मान्य नाही. त्यांना कळतं. आणि मोठा टाका असला तरी तो धरून ठेवतो. जिथे फारच अंतर होतं तिथे तिच्या ओळीच्या शेजारून मी माझी एक ओळ घातली. मजबुती आली, तिची ओळही राहिली.

धाकट्यासाठी जाड, मोठ्या नेढ्याची सुई होती. त्याने एक पूर्ण बाजू शिवली, उभं राहून. त्याला बसून शिवता येत नाही. प्रत्येक टाका ओढताना तो एक पाऊल मागे जायचा.

सकाळच्या बाजूला बागेत तोवर बरंच काही झालं होतं. घेवडा फुलावर आला. एका जागी दोन रोपं दाटीने वाढली होती, त्यातलं एक यांनी माती सैल करून अलगद उपटलं आणि मुळं पाण्यात हलवून धुतली. मुळांवर बारीक बारीक गाठी होत्या. धाकट्याला वाटलं रोगच झाला. आजोबांनी त्यातली एक गाठ नखाने कापली. आतून ती गुलाबी निघाली, कापलेल्या बोटासारखी नाही, अगदी फिकट गुलाबी. त्या गाठींत जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. आतला रंग गुलाबी असेल तर काम चालू आहे असं समजायचं, पांढरट किंवा हिरवट असेल तर अजून सुरू झालं नाही किंवा आटोपलं. रंगाचं कारणही गमतीचं आहे: आपल्या रक्तातल्या तांबड्या द्रव्याच्या जातीचंच एक द्रव्य त्यात असतं. दोघांनी मिळून त्या रोपाच्या जवळजवळ सगळ्या गाठी कापून बघितल्या. हा नत्र मातीत राहावा म्हणूनच घेवडा संपला की आम्ही झाड उपटत नाही, जमिनीलगत कापतो आणि मुळं तिथेच कुजू देतो.

भोपळ्याच्या वेलाने सगळ्यांना कामाला लावलं. आधी नुसती नर फुलं येत राहिली, लांब बारीक दांड्यावर. रोज उमलायची, दुपारपर्यंत मिटायची, गळायची. थोरली काळजीत पडली. मग एका सकाळी आखूड दांड्याचं एक फूल दिसलं आणि त्याच्या बुडाशी गोटीएवढा हिरवा भोपळा. ते मादी फूल. फूल फळायचं तर नर फुलातला पराग तिथे पोचायला हवा. हे काम मधमाश्यांचं, पण त्या सकाळी आभाळ होतं आणि मधमाश्या फिरकल्या नव्हत्या. मग आम्ही एक नर फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या सोलल्या आणि मधला पिवळा दांडा थोरलीच्या हातात दिला. तिने तो मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवला. बोटांना पिवळी पूड लागली ती तिने दिवसभर धुतली नाही. परागीभवन झालं नसतं तर तो गोटीएवढा भोपळा पिवळा पडून गळाला असता. तो गळला नाही. आठवडाभरात मुठीएवढा झाला, आणि तेव्हापासून तो थोरलीचा भोपळा.

टोमॅटोला असं काही करावं लागत नाही. त्याच्या एकाच फुलात दोन्ही असतं, वाऱ्याने फूल हललं तरी पुरतं. वारा पडलेला असेल तर दुपारी फुलांच्या घोसाला टिचकी मारायची. ते काम धाकट्याने मन लावून केलं, गरजेपेक्षा जरा जास्तच. पहिले टोमॅटो पिकले तेव्हा यांनी ते तिथेच बागेत कापले, मीठ भुरभुरवलं आणि वाटून टाकले. उन्हात तापलेला टोमॅटो आणि मीठ. याहून काही सांगण्यासारखं नाही, ते खाऊनच कळतं. आम्ही टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवत नाही. थंडीत त्यातला वास देणारी द्रव्यं कमी होतात आणि चव जाते. घेवड्याच्या शेंगा मात्र मी मुलांना कच्च्या तोंडात टाकू देत नाही. कच्च्या घेवड्यात पोटाला त्रास देणारं द्रव्य असतं, ते चांगलं उकळल्यावरच निष्प्रभ होतं. मुलांनी स्वतः तोडलेल्या, स्वतः शिरा काढलेल्या शेंगा ताटात उरत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे. शिरा काढायला बसलं की गप्पाही होतात. शाळेत कोण कुणाशी बोलत नाही, हे मला शेंगा मोडतानाच कळलं. नुसतं समोर बसवून विचारलं असतं तर "काही नाही" एवढंच उत्तर आलं असतं. हात गुंतलेले असले की मुलं बोलतात. गोधडीवरही तसंच.

गोधडी निम्मी झाली तेव्हा धाकट्याने विचारलं की एकच जाड कापड का नाही घेतलं, एवढे पातळ थर कशाला. मी सांगितलं, ऊब कापडांच्या मधे अडकलेल्या हवेमुळे राहते, आणि हवा हलली नाही की उष्णता सहज बाहेर जात नाही. त्याला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, गोधडी गरम असते. मग आम्ही खोलीतला थर्मामीटर गोधडीच्या घडीत ठेवून दिला. तासाभराने काढला तर आकडा तोच. त्याने तो झटकून पाहिला. मग दोन सारख्या बाटल्यांत गरम पाणी भरलं, एक तशीच ठेवली, एक गोधडीत गुंडाळली. तासाभराने उघडी बाटली कोमट आणि गुंडाळलेली अजून चांगली गरम. थोरली एकदम म्हणाली, "म्हणजे रात्री आपणच आपल्याला गरम करतो!" धाकट्याने त्यानंतर यांना, बाबाला आणि दूधवाल्या काकांना हा प्रयोग समजावून सांगितला.

शेवटची कड लावायचं काम नाजूक असतं. निळ्या साडीचे काठ जपून ठेवले होते, ते कडेने दुमडून लावले. कोपऱ्यात कापड दाटतं, तिथे आधी तिरपी घडी घालून घ्यावी लागते. या भागात मी मुलांना फक्त ओवलेल्या सुया पुरवायला घेतलं. चार कोपऱ्यांना थोरलीची चार फुलं बसली. सगळे कच्चे टाके काढायला धाकटा. विरुद्ध रंगाचा दोरा ओढून काढण्यात त्याला जो आनंद झाला तो शिवण्यातही झाला नव्हता.

धुताना गोधडी कोमट पाण्यात, हाताने, पिळायची नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि सावलीत आडवी पसरायची. ओली गोधडी दोरीवर टांगली तर तिचंच वजन टाक्यांना ओढतं, आणि कडक उन्हात रंग विटतात, धागाही कमजोर होतो. घडी घालून ठेवली असेल तर अधूनमधून घडी बदलायची, नाहीतर तिथेच कापड फाटतं.

भोपळा उतरवून ठेवला आहे. देठ वाळून कडक झाला आणि साल नखाने टोचली जाईना तेव्हा थोरलीनेच तो कापला, देठाचा तुकडा ठेवून, कारण देठ तुटला की फळ तिथून कुजायला लागतं. घेवड्याच्या काही शेंगा झाडावरच वाळू दिल्या होत्या. त्या फोडल्या आणि बिया धाकट्याने काचेच्या बरणीत भरल्या. घेवड्याचं बी घरचं धरायला चांगलं, कारण त्याचं फूल बहुतेक आपल्याच परागाने फळतं आणि पुढचं झाड तसंच येतं. भोपळ्याच्या बियांची ती खात्री नसते. जवळपास त्याच कुळीचा दुसरा वेल असेल तर मधमाशी तिकडचाही पराग आणते. थोरलीला हे सांगितल्यावर तिने त्या बिया जास्तच उत्साहाने धुऊन वाळवल्या. काय येईल ते तिला बघायचंय.

पुढच्या गोधडीचा बेत ती करणार आहे. चौकटीच्या वहीत चौकोन पाडून तिने नकाशा काढला आहे, कुठे कुणाचं कापड हे प्रत्येक चौकोनात लिहिलं आहे. माझ्या एका साडीचं नाव मधल्या चौकोनात आहे, आणि ती साडी मी अजून नेसते. तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, "तू नेस गं, मला घाई नाही." कडेचा एक चौकोन तिने रिकामा सोडला आहे. धाकट्याचं कापड तिथे लागणार, पण तो कुठलं देणार हे अजून सांगत नाही.